चमचा ‘ती’, सुरी ‘तो’

‘हसतखेळत स्पॅनिश शिका’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे हसणारे एक, खेळणारे दुसरे आणि शिकणारा तिसराच असतो. वर्गात निदान घंटा होते. वर्गाबाहेर तीही सोय नाही. कपाटावर स्पॅनिश, कानात स्पॅनिश, खिशातल्या फोनमध्ये स्पॅनिश, आणि डोक्यात मात्र ‘आता हे काय म्हणाला?’ हे अस्सल मराठीत.

तरी मराठी जिभेला या भाषेत थोडी सवलत आहे. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दातांना चिकटून येतात. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. हा दुहेरी र जमावा म्हणून लोक आरशासमोर गुळण्या केल्यासारखे आवाज काढतात. आपण चिमणी भुर्रकन उडवावी आणि त्यातला ‘र्र’ थोडा लांबवावा. व्याकरणातही ओळखीचा माणूस भेटतो. ‘मे गुस्ता ला मूसिका’ म्हणजे ‘मला संगीत आवडतं’. कर्ता संगीत, आपण नुसते ‘मला’. इतकं सरळ असूनही आपण इंग्रजीच्या दारातून आत शिरतो आणि ‘यो गुस्तो’ म्हणून बसतो. त्याचा अर्थ ‘मी लोकांना आवडतो’ असा होतो, आणि समोरच्याचं मत वेगळं असू शकतं.

वर्गाबाहेर शिकण्याचा पहिला लाडका उपाय चिठ्ठ्यांचा. घरातल्या वस्तूंवर त्यांची नावं चिकटवायची. यात बहुतेक लोक नुसतं नाव लिहितात आणि तिथेच फसतात, कारण स्पॅनिशमध्ये नाम एकटं फिरत नाही, ‘एल’ किंवा ‘ला’ हात धरून असतं. म्हणून कागद दोन रंगांचे घ्यावेत, पुल्लिंगाला एक आणि स्त्रीलिंगाला दुसरा. नपुंसकलिंगी नामच नाही म्हटल्यावर आपल्याला हायसं वाटतं, पण ते स्वयंपाकघरापर्यंतच टिकतं. खिडकी ‘ला बेन्ताना’, खुर्ची ‘ला सिया’, इथवर सगळं गुण्यागोविंदाने. मग चमचा निघतो ‘ला कुचारा’, म्हणजे ती, आणि सुरी निघते ‘एल कुचियो’, म्हणजे तो. काटा बिचारा दोन्हीकडे पुरुषच राहतो. हाताला ‘ला मानो’ म्हणतात. शेवटी ‘ओ’ असूनही स्त्रीलिंगी, त्यामुळे नुकताच पाठ केलेला ‘ओ म्हणजे पुल्लिंग’ हा नियम त्याच हाताने खोडावा लागतो.

एका वेळी पंधरा चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. आठवड्याभरात डोळ्यांना त्या दिसेनाशा होतात. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे कोण बघतं? तेव्हा त्या काढून त्याच जागी वाक्यं लावावीत. दारावर ‘सिएर्रा ला पुएर्ता’, म्हणजे दार लाव. आणि मग खरंच लावावं.

मालिकांबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. मुळात स्पॅनिशमध्येच घडवलेली मालिका घ्या. डब केलेली घेतली तर पडद्यावरची ओळ एक सांगते आणि पात्र दुसरंच बोलतं, कारण डबिंग आणि सबटायटल ही बहुतेक वेळा दोन वेगवेगळी भाषांतरं असतात. पाच मिनिटांचा तुकडा तीनदा बघायचा: आधी नुसता, मग स्पॅनिश सबटायटल लावून, मग परत नुसता. आपल्या भाषेतली सबटायटल लावली की डोळे वाचत बसतात आणि कान रजेवर जातात. गाण्यांचंही तेच, फक्त सुरुवात संथ गाण्यांनी करावी. नाचाच्या गाण्यांत ‘पारा’चा ‘पा’ होतो, ‘तोदो’चा ‘तो’, आणि उरलेलं ढोलकाखाली जातं.

पण ऐकण्याबघण्यात एक गोम आहे. समजलं नाही तरी आपलं काही बिघडत नाही. आणि बिघडत नाही तोवर डोकं हलत नाही. माझं सगळं वजन म्हणूनच पार्चीस या खेळाच्या पारड्यात. स्पेनमधला हा घरोघरचा पट, मूळचा आपला पचिसी, परदेशी जाऊन नाव बदलून आलेला. चार खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या, वाटेत 68 घरं. सोंगटी बाहेर काढायला पाच पडावे लागतात. सहा पडले की पुन्हा टाकायचं. लागोपाठ तिसऱ्यांदा सहा पडले तर शेवटी हलवलेली सोंगटी मुकाट्याने घरी.

इथे भाषा पोटात जाते ती अशी. पाळी आली की ‘मे तोका’ म्हणायचं. पुन्हा तोच आपला ‘मे’. ‘ते तोका’ म्हणजे तुझी पाळी. आपण सोंगटी मारतो, स्पॅनिश माणूस ती खातो: ‘ते कोमो’, तुला खातो. खाल्ल्याबद्दल वीस घरं मिळतात आणि ती मोठ्याने मोजायची असतात. पंधरापर्यंत पाठांतर, त्यापुढे सोळा म्हणजे ‘दिएसीसेइस’, सरळ दहा आणि सहा. एकतीस म्हणजे ‘त्रेइन्ता इ उनो’, तीस आणि एक. एकोणसाठ-एकोणसत्तरवर पोसलेल्या डोक्याला हे इतकं सोपं वाटतं की काहीतरी फसवणूक असणार. अडकलो तर डाव थांबतो, तिघं आपल्याकडे बघत राहतात, आणि चौदाला ‘कातोर्से’ म्हणतात हे जन्मभर विसरायला होत नाही. दोन अटी मात्र पाळाव्यात: मराठीत मोजलेली घरं बाद, आणि भांडणही स्पॅनिशमध्ये. दुसरी अट पाळली की डाव विलक्षण शांततेत पार पडतो.

यानंतर जिवंत माणूस. स्पॅनिश बोलणारा आणि आपली भाषा शिकू पाहणारा असा जोडीदार गाठून बोलायचं, याला ‘इन्तेर्काम्बिओ’ म्हणतात. पंचवीस मिनिटं त्यांची भाषा, पंचवीस आपली, आणि मध्ये घड्याळाचा गजर. गजर नसला तर दोघांना येणारी तिसरी भाषा अख्खा तास खाऊन टाकते. क्षेमकुशल चौथ्या मिनिटाला संपतं, म्हणून एखादं चित्र समोर ठेवावं आणि त्यात काय चाललंय ते सांगावं. एका बैठकीत तीनच चुका दुरुस्त करायच्या, असं आधी ठरवून घ्यावं, नाहीतर तोंड उघडायचा धीर होत नाही. दोन चुका तर आधीच घरून गाळून न्याव्यात. वय सांगताना ‘आन्योस’ म्हणायचं, कारण त्यातला ‘न्य’ नुसता ‘न’ झाला की वर्षांऐवजी, डॉक्टरपुढेही कुजबुजून सांगावा अशा अवयवाची संख्या जाहीर होते. आणि उकडत असेल तर ‘तेंगो कालोर’. ‘एस्तोय कालियेन्ते’ म्हटलंत तर हवा नव्हे, वासना तापली असा अर्थ होतो आणि हवामानाचा विषय तिथेच संपतो.

राहिला फोन. भाषा बदलण्याआधी सेटिंगचं दातेरी चाक कुठे आहे ते पाहून ठेवा. बदलल्यावर त्याचं नाव ‘आहुस्तेस’ होतं. ‘ग्वार्दार’ म्हणजे जपून ठेव, ‘बोर्रार’ म्हणजे पुसून टाक. फोटोंना हात लावण्याआधी हे दोन शब्द पक्के हवेत. चार दिवसांनी बोटं जागा ओळखून चालायला लागतात आणि वाचणं बंद पडतं. मग नकाशाचा आवाजही स्पॅनिश करायचा, पण आधी पायी. ‘आ ला देरेचा’ म्हणजे उजवीकडे. ‘देरेचो’ म्हणजे लॅटिन अमेरिकेत सरळ. एका स्वराच्या फरकाने माणूस भलत्याच गल्लीत, आणि रस्ता विचारायचा तर त्याच फोनला.

फारच जिवावर आलं तर परतीची वाट आहे. आहुस्तेस, मग सिस्तेमा, मग इदिओमास. बऱ्याच फोनांत हाच क्रम असतो. भाषांची लांबलचक यादी उघडते. तिथे प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत लिहिलेली असते, त्यामुळे खाली सरकत गेलं की मध्येच कुठेतरी ‘मराठी’ दिसतं. बोट तिथपर्यंत जातं. तेवढ्यात वर एक खिडकी उघडते: उलट्या प्रश्नचिन्हाने सुरू होणारं, खात्री आहे का असं विचारणारं वाक्य. आणि ते अनुवाद न करताच कळलेलं असतं.