वडाला फेऱ्या घालणारा मुलगा

आम्ही स्वीडनला असतो; तिकडची शाळा जूनमध्ये सुटते, त्यामुळे आमची पुण्याची फेरी नेहमी ऐन पावसाच्या तोंडावर. आल्या आल्या आप्पा बळवंत चौक ठरलेला. यंदा दुकानात म्हटलं, सहा वर्षांच्या वयाला चालतील अशी गोष्टींची पुस्तकं दाखवा. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "मुलगा का मुलगी?" मुलगा म्हटल्यावर समोर किल्ले, डायनोसॉर आणि चोर पकडणारी पोरं आली. शेजारच्या बाईंनी मुलगी सांगितलं, त्यांच्यापुढे पऱ्या आणि मांजरी.

घरी येऊन हे तावातावानं सांगितलं. आत्या निवृत्त शिक्षिका. कोथरूडच्या बाल्कनीत मेथी निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, पुस्तकं बदलून झाली की इथे! तुला पत्ता नाही." पत्ता होता. बालभारतीनं 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडत बसल्याचं चित्र घातलं, बाई डॉक्टर, बाई वाहतूक पोलीस दाखवली. तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर धुरळा उडाला होता. निम्म्यांना हे पाश्चात्त्य खूळ वाटलं, निम्म्यांना क्रांती. आत्या दोन्हींत नव्हती. "चित्रातला बाबा निवडतो भाजी. इथे चाळीस वर्षं मीच निवडतेय."

यावर मी स्वीडनचं पालुपद लावणार होतो. तिथे मूल झालं की आई-बापांना मिळून 480 दिवसांची पगारी रजा मिळते आणि त्यातले 90 दिवस प्रत्येकाच्या नावचे. बापानं घेतले नाहीत तर बुडाले. मी सात महिने घरी होतो. लंगोट, खिमट, बाबागाडी सगळं केलं. पण पुण्यात उतरलो की चौथ्या दिवशी मी ताटावरून उठून सरळ हात धुवायला जातो आणि ताट कोण उचलतं हे बघतही नाही. हे आत्याला ठाऊक असल्यानं गप्प बसलो.

तिकडच्या बालवाडीच्या 1998 च्या अभ्यासक्रमातच लिहिलंय, की मुलगा-मुलगी या ठरीव साच्यांना विरोध करायचा. 2012 मध्ये लहान मुलांच्या एका पुस्तकात नायकाला 'हान' (तो) नाही, 'होन' (ती) नाही, तर दोघांनाही चालणारं 'हेन' म्हटलं आणि वर्तमानपत्रं पेटली. तीनच वर्षांत तो शब्द स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत गेला. मला गंमत वाटली. आपल्याकडे 'ते मूल', 'ते पिल्लू' आजीच्या तोंडी आधीपासून आहेच की! पण त्याच मराठीत कावळा तो आणि चिमणी ती. त्यामुळे पावसात भिजत दार ठोठावतो तो, आणि आत बाळाला न्हाऊ घालून, तीट लावून, मग दार उघडते ती. व्याकरणानं एकदा लिंग ठरवलं की गोष्ट सांगणाऱ्यानं कामं वाटून टाकली.

बरं, इतकं करून तिकडे काय झालं? माझ्या मुलाचा फुलाफुलांचा एक शर्ट होता, जीव की प्राण. पाच वर्षांचा झाल्यावर एके दिवशी तो कपाटात तळाशी कोंबलेला सापडला. बालवाडीत कुणी रागावलं नव्हतं. नुसतं कुणीतरी हसलं होतं. त्याच बालवाडीच्या भिंतीवर घोडा उचलणाऱ्या पिप्पीचं चित्र आहे. पिप्पी 1945 च्या स्वीडिश गोष्टीतली; नऊ वर्षांची, एकटी राहणारी, पोलिसांना उचलून बाजूला ठेवणारी. ऐंशी वर्षं मुली तिच्याकडे बघून झाडावर चढताहेत. त्या शर्टाच्या कामी मात्र ती आली नाही.

हे इथेही तसंच आहे. झाशीच्या राणीला मर्दानी म्हणणं हे कौतुक. 'माझी मुलगी म्हणजे मुलगाच' हे तर बाप छाती फुगवून सांगतात. उलट बाजूला शब्द काय आहे? बायल्या. भातुकलीत रमलेल्या मुलाला 'बायकांत पुरुष लांबोडा', रडला तर 'बांगड्या भर'. मुलींना साहस देणाऱ्या गोष्टी हव्यातच, आणि आपल्याकडे त्या जुन्याही आहेत. लेकीकडे एकटी जंगलातून निघालेली, वाघाला गंडवून भोपळ्यात बसून टुणुक टुणुक परत येणारी म्हातारी कुणाच्या परवानगीनं निघाली होती? मात्र बालसाहित्यात साचे मोडायचे म्हणजे मुलीला मुलाची कामं द्यायची, एवढाच अर्थ आपण घेतला, पुण्यातही आणि स्वीडनच्या गोथेनबर्गमध्येही. त्यात मुलाचं काम वरचढ हे गृहीतच राहिलं. मुलाला खाली उतरायला लावणारी गोष्ट लिहायला हात अडखळतो.

आणि ती लिहिलेली होती, 1935 साली छापूनही आली. 'श्यामची आई'मधली पहिलीच रात्र. आई आजारी, वडाला फेऱ्या घालायचं त्राण नाही, म्हणून ती श्यामला पाठवते. बायका हसतील म्हणून तो लाजतो. देवाच्या कामाची कसली लाज, पाप करताना लाजावं, असं ती समजावते आणि श्याम जातो. मान्य, व्रत नवऱ्याच्या आयुष्यासाठीचंच, साने गुरुजींनी त्यावर प्रश्न केलेला नाही. शिवाय आपण हे पुस्तक मातृभक्तीच्या फडताळात ठेवून दिलं, तेव्हा त्यातल्या बायकांच्या घोळक्यात शिरलेल्या मुलाकडे कुणी पाहिलंच नाही. मीही नाही, त्या शर्टानंतर पाहिलं.

परवा रात्री आत्याच्या घरी मी ती गोष्ट मुलाला वाचून दाखवली. श्याम का लाजला, हे त्याला कळेना. झाडाभोवती गोल फिरण्यात लाजण्यासारखं काय?

"ते बायकांचं व्रत असतं," आत्या म्हणाली. "नवऱ्यासाठी."

"मग नवऱ्यांचं कधी असतं?"

काकांनी बातम्यांचा आवाज वाढवला. आत्या उठली, आतून मेथीची दुसरी जुडी आणली, सोडली, आणि अर्धी माझ्यापुढे टाकली.