नक्कल करा, पण कशाची ते बघून

"भरपूर वाचा, लिहिता येईल" हा सल्ला अर्धवट आहे. आवडत्या लेखकाकडून आपल्यात सगळ्यात आधी उतरतं ते वरवरचं: त्याचे लाडके शब्द, उपमा, वाक्य मध्येच तोडायची लकब. भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी 'कोसला' आली १९६३ साली. तिच्यातले 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हौशी कथांमध्ये अजून फिरतायत. कादंबरीत त्या 'वगैरे'ला काम आहे. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर त्याच्या आडून स्वतःचीच टर उडवतो. नकलेत तो नुसता वाक्याच्या शेपटाला लोंबतो.

अनुवाद जास्त वाचणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांची पात्रं खांदे उडवतात, दीर्घ श्वास घेतात, त्यांच्या मणक्यातून थंड लहर जाते. मराठी माणूस वैतागला की खांदे उडवत नाही हो, 'च्यक्' करतो नाहीतर मान फिरवतो. 'ती एक अशी मुलगी होती जी कधीच हरली नव्हती' हे वाक्यही तिकडचंच. 'कधीच न हरलेली मुलगी' एवढ्यावर भागतं.

मग घ्यायचं काय? बांधणी. आवडत्या कथेतलं एकच पान घ्या, साधारण तीनशे शब्दांचं, आणि एक पेन्सिल. प्रत्येक वाक्यापुढे शब्दसंख्या लिहा. संवादाखाली रेघ मारा. 'वाटलं', 'जाणवलं' यांना गोल करा. मग वाक्यांचे शेवट वाचा, फक्त शेवट. खरी गंमत इथे आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं, त्यामुळे 'होती, होती, होता' असा ठेका आपसूक धरला जातो आणि परिच्छेद ढोल बडवल्यासारखा वाजतो. मुरलेला लेखक 'होती' गाळतो ('खोली रिकामी. खिडकी सताड उघडी.'), मध्येच वर्तमानकाळात येतो, कर्ता मागे नेतो ('निघाला तो, तसाच'). हेच मोजमाप आपल्या पानावर करा. दहापैकी आठ वाक्यं 'होता-होती'वर आपटत असतील, तर कान तयार व्हायचाय एवढंच समजा.

बेंजामिन फ्रँकलिनने पोरवयात 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकातल्या निबंधांवर केलेला सराव कथेलाही चालतो. प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यात टिपायचा, मूळ मजकूर काही दिवस बाजूला ठेवायचा, टिपणांवरून तो पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. दुसऱ्याच दिवशी लिहिलंत तर फसेल, कारण मूळ वाक्यं डोक्यात ताजी असतात. आठवडा जाऊ द्या. ताडताना शब्द जुळले का ते बघू नका. लेखकाने काय सांगितलंच नाही ते शोधा. तुम्ही लिहिलेलं असतं, 'तिच्या डोळ्यांत अथांग उदासी दाटून आली.' छापील पानावर तिथे असं काहीतरी सापडतं: 'पत्राची तिनं परत घडी घातली, जुन्याच दुमडीवर.' उदासी हा शब्दच नाही. (ही पानं सरावाची. कुठे छापायला पाठवलीत तर ती सरळ चोरी.)

पहिला खर्डा चालू असताना एकाच लेखकात महिनाभर बुडून राहू नका, त्याचा सूर चढतोच. दुसऱ्या टोकाचा कोणी सोबत ठेवा: पाल्हाळिक आवडत असेल तर कोरडा, कोरडा आवडत असेल तर विनोदी. आणि छापील पान हे कापून, घासून, बहुतेकदा संपादकाचा हात फिरून आलेलं असतं. त्याच्याशेजारी आपला पहिला खर्डा ठेवून कपाळ बडवण्यात अर्थ नाही.

उसने शब्द पकडायचे तर खर्डा दोन आठवडे मिटून ठेवा, मग मोठ्याने वाचा. 'काहूर', 'विषण्ण', 'निमिषार्धात'... जीभ अडखळेल तिथे फुली मारा. पण शब्द लगेच बदलू नका. आधी बघा, ते वाक्य बोलतंय कोण. पात्र संस्कृतचे मास्तर असतील तर 'निमिषार्धात' राहू दे.