नोटरीच्या शिक्क्याने लग्न लागत नाही

‘कोर्ट मॅरेज एका तासात! स्टॅम्प पेपर, आधार कार्ड, दोन साक्षीदार. नोटरी झाली की लग्न कायदेशीर. वर नोंदणी केली की कुणीच मोडू शकत नाही. आपल्याकडे गांधर्व विवाह पूर्वापार चालतोच. आईवडिलांची संमती लागत नाही.’ हा मजकूर दर लग्नसराईत फिरून येतो. यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं. मुलगी १८ ची, मुलगा २१ चा, दोघांची स्वतःची संमती असली तर घरच्यांची सही कुठेच लागत नाही. बाकीचं एकेक पाहू.

आधी नोटरी. तो फार तर एवढंच सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. लग्न लावायचा अधिकार त्याला नाही. असे विवाहाचे आणि घटस्फोटाचे कागद नोटरींनी करू नयेत, असं केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२४ मध्ये बजावलंही आहे.

मग नोंदणीने पक्कं होईल? महापालिकेत मिळणारा ‘नमुना ड’ एकदा वाचा. त्यात लग्न कधी, कुठे झालं ते विचारतात आणि पुरोहिताची सही मागतात. म्हणजे आधीच लागलेल्या लग्नाची ती नोंद. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक वैमानिक जोडपं आलं होतं. एका संस्थेचा दाखला होता, त्यावरून सरकारी नोंदणीही झालेली, पण विधी झालेच नव्हते. न्यायालयाने ते लग्नच झालं नसल्याचं जाहीर केलं. उलट बाजूही आहे: हिंदू विवाह कायद्यानुसार विधी झाले पण नोंदणी राहिली, तर लग्न रद्द होत नाही. महाराष्ट्रात ९० दिवसांत नोंदणी करायची असते, आणि ती करावीच; पुढे पेन्शनसारख्या कामांत तो पुरावा उपयोगी पडतो.

गांधर्व विवाहाचा मुद्दा मात्र महाराष्ट्रातच निकालात निघाला आहे, १९६५ मध्ये. पहिली बायको असताना एकाने दुसरीशी ‘गांधर्व’ लग्न केलं. पूजा झाली, कपाळाला कपाळ लावलं. होम नाही, सप्तपदी नाही. ही दोन टाळायची प्रथा त्यांच्यात असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दुसरं लग्न वैध धरलं नाही. आणि ते वैध नाही म्हणून द्विभार्येचा गुन्हाही टिकला नाही. तो सुटला. पहिल्या बायकोच्या हाती काही आलं नाही आणि दुसरी कायद्याने बायकोच ठरली नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने हे एकदा स्वतःच्या बहिणीसाठी वाचून पाहावं.

याचा अर्थ सप्तपदी सगळ्यांनाच सक्तीची, असाही नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ वधू किंवा वराकडची रूढी मानतं. बौद्ध पद्धतीचं लग्न याच कायद्याखाली, अग्नीशिवाय, वैध आहे. मामाच्या मुलीशी लग्नही जिथे रूढी आहे तिथे चालतं. आळंदीला घाईत लागलेलं लग्नसुद्धा विधी खरोखर झाले असतील तर पक्कं. (मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी विवाहांचे नियम वेगळे आहेत.)

राहिला एक तास. लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात ते कोर्टात होतच नाही, विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसह जाऊन एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडाने म्हणायचं. ही नोटीस कार्यालयात जाहीरपणे लावण्याची अट जाचक आहे, पळून आलेल्या जोडप्यांना ती धोक्याचीही ठरते. पण म्हणून नोटरी तिची जागा घेत नाही.

ज्यांनी आधीच नोटरी केली आहे त्यांनी तो कागद बाजूला ठेवून आजच नोटीस द्यावी, किंवा आपल्या रीतीने लग्न लावून घ्यावं. नोंदीत तारीख मात्र नवी घालायची, नोटरीची नाही.