दहावीनंतर विज्ञान शिकतं कोण?

सीबीएसई शाळांची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचं म्हणणं होतं, "बारावीला आहे की, एवढा गहजब कशाला?" आधी कोविडमधे मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून तो भाग गाळला, मग २०२३च्या पुस्तकात तो आलाच नाही, १८००हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहिलं तरी. पण काका, बारावीला तो फक्त बायोलॉजीवाल्यांना आहे ना! कॉमर्स, आर्ट्स, आयटीआयला गेलेल्यांचं विज्ञान दहावीलाच संपतं, आणि उद्याचे पालक, मतदार, मंत्री बहुतेक त्यातलेच. २०१८ मधे औरंगाबादला एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणालेच होते, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, डार्विन चूक आहे.

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो, डोव्हर हे गाव इथून जवळच. २००४ मधे तिथल्या स्कूल बोर्डाने ठरवलं की नववीच्या मुलांना उत्क्रांती शिकवायच्या आधी एक निवेदन वाचून दाखवायचं, की डार्विनची थिअरी म्हणजे काही फॅक्ट नाही, तिच्यात गॅप्स आहेत. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला सरळ नकार दिला, शेवटी ॲडमिनिस्ट्रेशनची माणसं वर्गात येऊन वाचून गेली. ११ पालक कोर्टात गेले, डिसेंबर २००५ मधे जिंकले, आणि निकालाच्या आधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत गावाने ते बोर्ड घरी बसवलं होतं.

हे एकविसाव्या शतकात का घडलं? धर्म आहेच, म्हणजे माणूस देवाने घडवला ही श्रद्धा, पण मला पाठ्यपुस्तकांचाही हात दिसतो. १९२५मधे टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवली म्हणून स्कोप्स नावाच्या शिक्षकावर खटला झाला, त्यानंतर प्रकाशकांनी घाबरून उत्क्रांती पातळ केली, ती नीट परतली १९६३च्या सुमारास, तेही रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर अमेरिकन सरकारने विज्ञान शिक्षणात पैसा ओतला म्हणून. मधल्या काळात शिकलेली मुलं पुढे पालक झाली, बोर्डावर बसली. कोर्ट एका निकालात नियम रद्द करतं, पण शाळेत जे कानावरच पडलं नाही ते नंतर कोण शिकवणार?

आपल्या राज्य बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधे 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलंच प्रकरण आहे, त्यात अवशेषांगं म्हणजे आता फारसा उपयोग न उरलेले अवयव आहेत, जोडणारे दुवे म्हणजे दोन गटांची लक्षणं असलेले प्राणी म्हणून पेरीपॅटस आणि प्लॅटिपस आहेत, मस्त आहे ते. आता २०२५पासून शाळांत टप्प्याटप्प्याने सीबीएसई पॅटर्न आणायचं चाललंय. ताईला सांगून ठेवलंय, तुझ्या पोराचं दहावीचं नवं पुस्तक आलं की आधी ते प्रकरण आहे का बघ, आणि नसेल तर पालक सभेत उठून विचार.