सफारीवाल्यांसाठी लॉज काढताय? मग एवढं कराच

टिपेश्वरचं जंगल यवतमाळ जिल्ह्यात असलं म्हणून काय झालं, पैनगंगा ओलांडली की आपलंच माहूर आणि आपलंच किनवट. संध्याकाळची जिप्सी गेटबाहेर पडली, की धुळीने माखलेली माणसं 'सकाळी रेणुकामातेचं दर्शन घेऊन घरी निघू' म्हणत मुक्कामाला इकडे येतात. दोन दिवस पहाटे चारला उठलेली, उघड्या गाडीत हाडं खिळखिळी झालेली, भांडायचंही त्राण नसलेली. यांच्याहून चांगलं गिऱ्हाईक कुठं मिळणार? तेव्हा लॉज काढाच. कसा चालवायचा याचं फार बारकाईने शिक्षण हल्लीच एका ठिकाणी पैसे मोजून झालंय, ते तुम्हाला फुकट देतो.

नावात 'जंगल', 'टायगर' नाहीतर 'नेचर' हवंच. रिसेप्शनच्या मागे भलामोठा फ्लेक्स लावा आणि त्यावर आयाळवाला सिंह छापा. गीर आणि आसपासचा सौराष्ट्र सोडला तर देशात मोकळा सिंह कुठंच नाही, पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तोच फोटो होता, त्याला तुम्ही काय करणार?

खोल्यांचे फोटो उद्‌घाटनाच्या दिवशी काढा. तेच जन्मभर पुरतात.

चादरी. एका पलंगाला तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. तुम्ही एकच घ्या. पाव्हणे बदलले की चादर उलटी करा, आणि रंग असा गडद निवडा की दोन्ही बाजू सारख्याच दिसाव्यात.

जेवणाचंही सांगून ठेवतो. पुण्या-हैदराबादचे पाव्हणे ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा मागतात. हे तुमच्या घरी रोज होतं, म्हणूनच ते मेनूत ठेवू नका. पनीर बटर मसाला ठेवा आणि ऑर्डर आली की पनीर आणायला पोरगा मोटरसायकलवर पिटाळा.

वायफायचा पासवर्ड तेवढा सांगा, नेटचं विचारू देऊ नका.

आता मुख्य विषय, गरम पाणी. पाटीवर '24 तास गरम पाणी' लिहा. बाथरूममध्ये तीन लिटरचा इन्स्टंट गीझर बसवा, सगळ्यात स्वस्त मिळेल तो. हा तीन किलोवॅटचा असतो, म्हणजे 13 अँपिअर ओढतो. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट, 4 चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, लागतो. तुम्ही तो ट्यूबलाइटच्याच लाइनवर, एक चौरस मिलिमीटरच्या वायरीवर घ्या. दोन खोल्यांत एकदम गीझर लागला की वरचा मजला अंधारात. पाव्हणा साबण लावून ओरडेल, पोऱ्या खाली पळत जाऊन खटका वर करेल, तो परत पडेल. 'एका टायमाला एकाच रूमने लावा ना साहेब,' असं वरून ऐकवायला विसरू नका.

गीझर चालला तरी घाबरायचं कारण नाही. तीन किलोवॅटवर मिनिटाला दोन लिटर पाणी सोडलं, तर ते जेमतेम 21 अंशांनी तापतं. थंडीतलं 18 अंशांचं पाणी 39 वर येतं, अंघोळीपुरतं, आणि 20 लिटरची बादली भरायला दहा मिनिटं लागतात. पाव्हणा हे कुठं जाणतो? तो नळ पुरता सोडणार, मिनिटाला सहा लिटर, आणि पाणी तापणार सात अंश. तो ओरडला की म्हणा, 'येतंय ना गरम, जरा वेळ सोडून ठेवा.' अहो, सोडून ठेवून काही होत नाही! नळ बारीक करायचा असतो. 'नळ बारीक सोडा' एवढं एका कागदावर लिहून गीझरखाली चिकटवायला किती पैसे पडतात?

सोलर असेल तर आणखी सोपं. टाकी गच्चीवर, खोली तळमजल्याला, मधे 20 मिलिमीटरचा 30 मीटर पाइप, त्यात नऊ लिटर गार पाणी उभं. जवळजवळ अर्धी बादली फेकल्याशिवाय गरम येतच नाही. शिवाय सफारीवाले पोचतात अंधार पडल्यावर. तोवर स्टाफची भांडी-धुणी त्याच पाण्यात उरकलेली, उपसलेल्या पाण्याच्या जागी टाकीत गार पाणी शिरलेलं आणि सूर्य मावळलेला. टाकीत विजेची कॉइल असते, पण तिचं बटण मालकाच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि मालक नांदेडला.

2019 साली टिपेश्वरातून निघालेला एक वाघ हिंगोलीकडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत 1300 किलोमीटर चालत गेला. वाटेत त्याने एकाही लॉजवर मुक्काम केला नाही. शहाणा होता.

इन्व्हर्टर घ्या, त्यावर रिसेप्शनचा टीव्ही जोडा. खोलीत सॉकेट एकच, तेही पलंगाच्या मागे. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, मोबाईल, पॉवर बँक यांच्यात चिठ्ठ्या टाकू द्या. त्या सॉकेटला अर्थिंगचं, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वायरीचं, तिसरं मोठं भोक असतं, त्यात वायर नसली तरी चालतं. बाहेरून कुणाला कळतंय?

नाही चालत. बाथरूममधल्या बोर्डाचीही तीच गत होती आणि त्याच बोर्डावर तुमचा गीझर होता. ओल्या अंगाने माणूस नळाला हात लावतो. अर्थिंग नसताना आतली कॉइल फुटली, तर तो तिथंच चिकटेल. खोलीचे पूर्ण पैसे आगाऊ घेता, पाण्याच्या बाटलीचे वेगळे लावता, पाटीवर चेकआउट 24 तास लिहून बिलात सकाळी दहा करता, तेही सोसलं. पण वायरीचे पैसे कुणाच्या जिवावर वाचवताय? माणूस परमिट, जिप्सी, गाइड असे तीन ठिकाणी पैसे भरून आलेला असतो. त्याला धुतलेली चादर, दोन बादल्या पाणी आणि एक भाकरी हवी असते. एवढंही जमत नसेल तर पाटी उतरवा आणि गाळे भाड्याने द्या.

वायरमन बोलवा. मीटरपासून अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा खटका, बसवा, गीझरला वेगळी लाइन ओढा. आणि 'आजवर कुणी तक्रार केली नाही' हे तर बोलूच नका. तुमच्या रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलीय, सहीसकट.