आईच्या अंगठ्याची परीक्षा अजून किती वेळा घेणार?

आधारच्या मशीनवर अंगठा जुळत नाही म्हणून आज तिसऱ्यांदा आईला रिकाम्या हाताने परत आणलं. "आजी, अंगठा लागत नाहीये, हात धुऊन या." आई बाहेरच्या नळावर गेली, अंगठा खसाखसा चोळला, पदराला पुसला आणि पुन्हा काचेवर ठेवला. लाल दिवा. मग मशीनवर बसलेल्या पोराने तिचा अंगठा स्वतःच्या चिमटीत धरून काचेवर दाबला. परत लाल. मागची रांग चुळबुळायला लागली आणि आई ओशाळून बाजूला झाली.

अरे, तिने सोलापुरात चाळीस वर्षं विड्या वळल्यात! पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार-हजार विड्या. बोटांवरच्या रेषा त्यातच झिजल्या. त्या आता कुठून आणायच्या? आणि हे सगळं कशासाठी, तर महिना हजार-बाराशेच्या पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला! बाई समोर उभी आहे, बोलतेय, तरी ती जिवंत आहे की नाही हे मशीन ठरवणार. घरी आल्यावर विचारते, "माझंच बोट खराब झालंय का गं?" काय उत्तर देऊ?

२००९ साली हे आधारचं प्राधिकरण काढलं कशाला होतं? ज्याच्याकडे ओळखीचा एक कागद नाही, त्याला एक नंबर द्यायला. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला नंबर दिला. कार्डावर छापलं, 'सामान्य माणसाचा अधिकार'. ऐच्छिक आहे म्हणाले. आज शंभर कोटींहून जास्त लोकांकडे तो नंबर आहे. झालं ना काम? मग आता तरी माणसाला सुखाने जगू द्या की!

पण नाही. रेशनला अंगठा, पॅनला जोडा, गॅसला जोडा, बँकेत केवायसी. पोर पाच वर्षांचं झालं की ठसे, पंधराचं झालं की पुन्हा ठसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवीनच काढलं, दर दहा वर्षांनी कागदपत्रं पुन्हा दाखवा. नियमात 'करू शकता' असं आहे, पण खिडकीवर बसलेला माणूस 'करावंच लागेल' म्हणूनच सांगतो. जिला ओळख द्यायला निघाला होतात, तिलाच आता तुझी ओळख पटत नाही म्हणून माघारी पाठवता?

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की बँक खातं आणि मोबाइलच्या सिमला आधारची सक्ती नाही. खाजगी कंपन्यांना वाट देणारं कलम ५७ सुद्धा तेवढ्यापुरतं रद्द केलं. पुढच्याच वर्षी कायदा बदलून बँका आणि मोबाइलवाल्यांना 'ऐच्छिक' म्हणत परत आत घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलले आणि ई-कॉमर्स, प्रवास, हॉटेल, दवाखाने अशा खाजगी सेवांनाही आधार तपासायची परवानगी मागायची वाट मोकळी केली. म्हणजे उद्या लॉजवर खोली घ्यायची तरी आईने तोच झिजलेला अंगठा पुढे करायचा का?

ठसा जुळला नाही म्हणून कुणाचा हक्क अडवू नका, हे कागदावर आहे. डोळ्याचं बुबुळ आहे, चेहरा आहे, मोबाइलवर ओटीपी आहे. मी हे सगळं त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, डोळ्याचं मशीन आमच्याकडे नाही, चेहऱ्याचं ॲप मला जमत नाही, आणि आजींचा नंबर जुन्या मोबाइलला जोडलाय." तो जुना मोबाइल दादाचा होता. दादा जाऊन चार वर्षं झाली. आता नंबर बदलायला आधार केंद्रात जायचं. तिथे गेल्यावर पहिलं काय मागणार? अंगठा!

पूर्वी बँकेचा मॅनेजर खुर्चीतून मान वर करून बघायचा, "काय मावशी, बऱ्या आहात ना?" म्हणायचा आणि सही ठोकायचा. दोन मिनिटांत काम. त्या माणसाला माझी आई दिसत होती.

मंगळवारी पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. आई आत्तापासून बोटांना खोबरेल तेल चोळत बसलीय.