ते पत्र आमच्या वडशाच्या पोरीसाठी होतं

कायद्याचे प्राध्यापक उपेंद्र बक्षी यांच्या कारकिर्दीवरचा लेख वाचला. त्यात दक्षिण गुजरात आणि दिल्ली, दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूपदाचा उल्लेख आला. पण आम्हा वडसा-देसाईगंजवाल्यांना ते आठवतात १९७९ च्या खुल्या पत्रामुळे. १९७२ साली इथल्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला (तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, आम्ही चांद्यात, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होतो). १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती! बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी थेट सरन्यायाधीशांना लिहिलं, की शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. मोलमजुरी करणाऱ्या पोरीसाठी लिहिणारा हा प्राध्यापक मला कुलगुरूपेक्षा मोठा वाटतो. यावर लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या.